सूचनापेटीची किल्ली कुणाकडे आहे?

भोसरीच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका मशीन शॉपमध्ये मी एकदा सूचनापेटी उघडायला सांगितली. ऑफिसच्या दाराशी टांगलेली लाल पेटी, वर पांढऱ्या अक्षरांत ‘आपल्या सूचना आमच्यासाठी मोलाच्या आहेत’. किल्ली कुणाकडे आहे, हे अर्धा तास कुणालाच सांगता येईना. एचआरवाला म्हणाला स्टोअरकडे, स्टोअरवाला म्हणाला जुन्या मॅनेजरसाहेबांकडे, आणि जुन्या मॅनेजरसाहेबांना नोकरी सोडून वर्ष झालं होतं. शेवटी मेंटेनन्सच्या पोराने छिन्नी-हातोडीने कुलूप तोडलं. आत गुटख्याची एक रिकामी पुडी, एक लग्नपत्रिका आणि तीन चिठ्ठ्या निघाल्या. त्यातल्या एका चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘ड्रिलिंगच्या मशीनला हवेची नळी दोन फूट कमी पडते.’ तारीख आठ महिन्यांपूर्वीची.

मला तिथे बोलावलं होतं ते वेगळ्याच कामासाठी. एका ब्रॅकेटवरचं भोक जागेवरून सरकत होतं. ग्राहकाने दोन लॉट परत पाठवले होते आणि मालकांनी ऑपरेटरला मेमो दिला होता. आम्ही मशीनपाशी उभे राहून ‘का?’ विचारत गेलो. भोक का सरकलं? पीस फिक्स्चरवर नीट टेकला नव्हता. का टेकला नाही? खालच्या पॅडवर चिप अडकली होती. ती साफ का झाली नाही? ब्रश पॅडच्या मागच्या कोपऱ्यात पोचत नाही. मग हवा का मारली नाही? नळी तोकडी आहे. तोकडी का ठेवली? इथे सगळे गप्प.

ज्यांना मेमो मिळाला होता त्यांना शॉपमधले सगळे ‘मामा’ म्हणतात. चिठ्ठी त्यांचीच होती. मालक म्हणाले, “मामा, मला येऊन सांगायचं ना!” मामा शांतपणे म्हणाले, “चिठ्ठी टाकली होती साहेब. दिवाळीच्या आधी.”

‘आमच्याकडची माणसं सूचनाच देत नाहीत’ ही तक्रार मी लहान-मोठ्या अनेक कारखान्यांत ऐकली आहे. माझा अनुभव असा की, तिथल्या माणसांच्या सूचना बहुतेक वेळा देऊन झालेल्या असतात. उत्तर आलं नाही म्हणून ती गप्प बसलेली असतात. सतत सुधारणेची सवय कशी लावायची, हा प्रश्न म्हणूनच मी ‘उत्तर देण्याची सवय कशी लावायची’ असा वाचतो. या लेखातल्या सगळ्या युक्त्या त्या एकाच खुंटीला टांगलेल्या आहेत.

थांबलेला माग आणि ओढलेली दोरी

‘कायझेन’, म्हणजे सतत सुधारणा, हा शब्द आता चाकणपासून वाळूजपर्यंत प्रत्येक शॉपच्या भिंतीवर दिसतो. मासाकी इमाई यांच्या 1986 सालच्या पुस्तकाने तो जगभर नेला. पण त्यामागची कल्पना त्याहून जुनी आहे आणि इचलकरंजी-मालेगावच्या वाचकांना ती चटकन कळेल, कारण ती मागावरची आहे. टोयोटा मोटर कंपनी ज्या घराण्याने काढली, त्यातले साकिची टोयोडा मूळचे माग बनवणारे. धागा तुटला की आपोआप थांबणारे माग त्यांनी तयार केले. 1924 साली आलेला त्यांचा स्वयंचलित माग त्यासाठीही नावाजला गेला. तुटक्या धाग्यानिशी वारभर कापड विणून मग ते टाकून देण्यापेक्षा, बिघाड झाला त्या क्षणी थांबावं आणि तिथेच दुरुस्त करावं, हा त्यामागचा विचार.

पुढे हाच विचार मोटारीच्या असेंब्ली लाइनवर आला. कामगाराला अडचण दिसली की त्याने डोक्यावरची दोरी ओढायची. दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो. ठरलेल्या वेळात अडचण सुटली तर लाइन चालू राहते, नाही सुटली तर थांबते. पाहायला येणाऱ्यांची नजर दोरीवर खिळते, पण खरी मेख त्या धावत येणाऱ्या टीम लीडरमध्ये आहे. दोरी ओढली आणि कुणी आलंच नाही, किंवा आलेला माणूस खेकसला, तर दुसऱ्या दिवसापासून ती दोरी नुसती शोभेची.

याचा मोठा दाखला अमेरिकेतला आहे. जनरल मोटर्सचा कॅलिफोर्नियातला फ्रीमाँट कारखाना भांडणं, गैरहजेरी आणि खराब माल यांसाठी बदनाम होता. तो 1982 साली बंद पडला. 1984 साली टोयोटाबरोबर भागीदारीत तो पुन्हा सुरू झाला, तेव्हा कामगार बरेचसे तेच होते आणि युनियनही तीच होती. बदलली होती ती कामाची आणि ऐकून घेण्याची पद्धत. पूर्वी 20 टक्क्यांच्या घरात असलेली गैरहजेरी 2 टक्क्यांच्या आसपास आली आणि गाड्यांचा दर्जा नावाजला जाऊ लागला. ‘आमची माणसंच तशी’ म्हणणाऱ्यांनी हे उदाहरण खिशात ठेवावं. आणि ज्यांना वाटतं की दोरी, फळा, पोस्टर आणून लावलं की झालं, त्यांनी पुढचा भागही लक्षात ठेवावा : हीच पद्धत आपल्या बाकीच्या कारखान्यांत रुजवायला जनरल मोटर्सला पुढे कित्येक वर्षं झगडावं लागलं.

‘हे जपान्यांनाच जमतं’ हाही बहाणा चालणार नाही. हैदराबादच्या ‘भेल’मध्ये 1980 साली क्वालिटी सर्कल, म्हणजे कामातल्या अडचणी सोडवणारे कामगारांचे छोटे गट, सुरू झाले, आणि चेन्नईच्या सुंदरम-क्लेटनच्या ब्रेक विभागाने 1998 साली जपानचा दर्जासाठीचा डेमिंग पुरस्कार मिळवला.

उत्तराची मुदत ठरवा

पहिलं काम म्हणजे पेटी काढून टाका. कुलूपबंद पेटी ‘आम्ही सवडीने बघू’ असंच सांगत असते. तिच्या जागी एक फळा लावा, तोही ऑफिसबाहेर न लावता पाण्याच्या कूलरजवळ किंवा कँटीनच्या वाटेवर, जिथे माणसं आपसूक थांबतात. फळ्यावर चारच रकाने ठेवा : काय अडतंय, कुणी सांगितलं, कोण करणार, कधीपर्यंत.

मग एक नियम सर्वांसमोर जाहीर करा : फळ्यावर लिहिलेल्या प्रत्येक गोष्टीला चोवीस तासांत उत्तर मिळेल. काम चोवीस तासांत होईल असं म्हणू नका, ते खोटं ठरेल. उत्तर मात्र मिळेल, आणि ते तीनपैकी एक असेल. ‘करतो’, आणि पुढे तारीख. ‘नाही जमणार’, आणि पुढे कारण. ‘बघावं लागेल’, आणि पुढे बघणाऱ्याचं नाव व वार.

मालक मंडळींना यातलं ‘नाही’ सर्वांत जड जातं. नकार दिला तर माणूस नाराज होईल अशी त्यांना धास्ती असते. पण नव्या मशीनला यंदा पैसे नाहीत, हे तोंडावर सांगितलेलं माणसं समजून घेतात. त्यांना खुपतो तो अबोला.

आणखी एक पथ्य पाळा. पहिल्या महिन्यात फळ्यावर पगार, कँटीनची भाजी, संडासातला नळ, पंखा अशाच गोष्टी येतील. ‘हे कायझेन नव्हे’ म्हणून त्या पुसू नका. पगाराचा विषय फळ्यावर सुटणारा नसतो. तो कुठे आणि कधी बोलायचा ते सांगा. नळ मात्र त्याच दिवशी दुरुस्त करा. माणसं तुमची परीक्षा घेत असतात. जो मालक गळका नळ दुरुस्त करत नाही, तो फिक्स्चर बदलेल यावर कोण विश्वास ठेवणार?

रोजची दहा मिनिटं

शिफ्ट सुरू होताना फळ्यासमोर दहा मिनिटं उभ्यानेच जमा. खुर्च्या आणल्या की बैठक अर्ध्या तासावर जाते. तीनच प्रश्न विचारायचे : काल काय अडलं, आज काय अडण्याची शक्यता आहे, कुणाकडून काय हवंय? मालक रोज नसले तरी चालेल, पण आठवड्यातून एकदा असावेतच, आणि असतील तेव्हा त्यांनी सर्वांत शेवटी बोलावं. साहेब आधी बोलले की बाकीच्यांचं बोलणं संपतं.

बोलण्याची भाषाही बघा. आपल्याकडे आता शॉप फ्लोअरवर मराठी मुलांबरोबर बिहार, उत्तर प्रदेश, ओडिशातून आलेली मुलं असतात. त्यातली बरीच कंत्राटी. फळा फक्त मराठीत किंवा फक्त इंग्रजीत असला तर अर्धा शॉप त्यातून बाहेर राहतो. हिंदीतही लिहा, चित्र काढा, मोबाइलवर फोटो काढून चिकटवा. आणि कंत्राटी मुलांना दहा मिनिटांच्या घोळक्यातून वगळू नका. सर्वांत अवघड, घाणीचं काम बहुधा त्यांच्याच वाट्याला येतं, त्यामुळे कुठे काय नडतं ते त्यांनाच आधी दिसतं.

‘लक्ष नव्हतं’ इथे थांबू नका

पाच वेळा ‘का’ विचारण्याची पद्धत सगळ्यांना ऐकून माहीत असते. तरी रिजेक्शनच्या रिपोर्टमध्ये कारणाच्या रकान्यात महिनोन्महिने एकच वाक्य दिसतं : ‘ऑपरेटरचं लक्ष नव्हतं, समज दिली.’ हे कारण नव्हे. विचारणाऱ्याला कंटाळा आला, एवढाच त्याचा अर्थ. माणसाचं लक्ष उडणारच. आठ तासांत सहाशे वेळा तोच पीस लावणाऱ्या कुणाचंही उडेल. लक्ष उडालं तरी चूक होऊ नये, यासाठी काय सोय करता येईल, तो पुढचा प्रश्न.

मोबाइलचं सिमकार्ड आठवा. त्याचा एक कोपरा तिरका कापलेला असतो, म्हणून ते उलटं बसतच नाही. ‘सिमकार्ड नीट बघून घाला’ असा बोर्ड कुणी लावत नाही. फिक्स्चरवर एक पिन अशी बसवा की उलटा पीस टेकणारच नाही. मग ‘सावधान’ची पाटी काढून टाकता येईल. जपानला 1950 साली दर्जानियंत्रणाचे धडे देणारे एडवर्ड डेमिंग यांनी व्यवस्थापकांसाठी चौदा मुद्दे सांगितले. त्यांत एक मुद्दा कामाच्या जागेवरची भीती घालवण्याचा आहे आणि दुसरा कामगारांना उद्देशून लावलेल्या घोषणा काढून टाकण्याचा. चुकीला मेमो मिळत असेल तर माणूस चूक लपवायला शिकतो. खराब पीस बिनच्या तळाशी जातो आणि तो शोधून काढतो ग्राहक.

म्हणून एक फरक लेखी जाहीर करा. चूक झाली आणि लगेच सांगितली, तर कारवाई नाही. चूक लपवली, तर मात्र बोलावं लागेल. आणि पहिल्यांदा कुणी स्वतःहून ‘साहेब, दहा पीस खराब झालेत’ सांगत येईल, तेव्हा आवाज चढवू नका. तुमच्या चेहऱ्याकडे सगळा शॉप बघत असतो.

मोजा, पण थोडंच

सुधारणा झाली की नाही हे वाटण्यावर सोडू नका. आधीचा एक आकडा आणि नंतरचा एक आकडा, एवढं पुरे. उदाहरण घ्या. एका ऑपरेटरला दर पीस तपासण्यासाठी गेज आणायला पलीकडच्या टेबलापर्यंत जावं लागतं. जाऊन येऊन तीस सेकंद. शिफ्टमध्ये चाळीस खेपा म्हणजे वीस मिनिटं. तीन शिफ्ट म्हणजे रोजचा एक तास, आणि महिन्याचे पंचवीस दिवस धरले तर पंचवीस तास. मशीनशेजारी गेज टांगायला एक हूक लागतो. हा हिशेब फळ्यावर लिहा, म्हणजे हूक बसवणाऱ्याला आपण काय केलं ते कळेल आणि बाकीचे आपापल्या खेपा मोजू लागतील.

यात दोन धोके आहेत. पहिला, सूचनांचं टार्गेट. ‘प्रत्येकाने महिन्याला दोन कायझेन दिलेच पाहिजेत’ असा फतवा निघाला की महिनाअखेरीला एकाच डस्टबिनची जागा चार वेळा बदलते आणि चार फॉर्म भरले जातात. दुसरा, वाचलेल्या वेळाचं काय करणार, हा. वीस मिनिटं वाचली म्हणून एक माणूस कमी केला, तर त्या शॉपमधून यापुढे एकही सूचना येणार नाही. स्वतःच्या पोटावर पाय देण्याची युक्ती कोण सुचवेल? सुधारणेमुळे कुणाचंही काम जाणार नाही, वाचलेला वेळ नव्या ऑर्डरला किंवा शिकण्याला वापरू, हे सुरुवातीलाच सांगा आणि शब्द पाळा.

बक्षीस द्या, पण ते लगेच आणि सगळ्यांसमोर द्या. 26 जानेवारीला झेंडावंदनानंतर मोठी रक्कम देण्यापेक्षा, काम झाल्याच्या दुसऱ्या दिवशी फळ्यासमोर नाव घेऊन दिलेली छोटी भेट जास्त चालते. सुधारणेला सुचवणाऱ्याचं नाव द्या. ‘मामांची खाच’ (तिची गोष्ट शेवटी सांगतो) हे नाव शॉपमध्ये प्रमाणपत्रापेक्षा जास्त दिवस टिकतं.

पद्धत लिहून ठेवा, नाही तर नव्याचे नऊ दिवस

सुधारणा चढावरच्या गाडीसारखी असते. चाकाखाली दगड लावला नाही तर मागे येते. तो दगड म्हणजे लिहून ठेवलेली नवी पद्धत. दोन फोटो : एक बरोबर, एक चूक, खाली मोजक्या ओळी, आणि ते मशीनपाशीच, फाइलीत नाही. रात्रपाळीच्या माणसाला ती कुणीतरी हाताने करून दाखवायला हवी. बहुतेक चांगल्या सुधारणा दिवसपाळीत जन्मतात आणि रात्रपाळीत मरतात, कारण रात्रपाळीला कुणी सांगितलेलंच नसतं.

फाइव्ह एसचंही हेच होतं. नको ते काढणं, हवं ते जागेवर लावणं, स्वच्छता, एकसारखी पद्धत आणि शिस्त या पाच पायऱ्यांपैकी पहिल्या तीन ग्राहकाच्या ऑडिटच्या आदल्या रात्री उरकतात. पिवळे पट्टे मारले जातात, भंगार मागच्या शेडमध्ये जातं आणि ऑडिटर गेले की पुन्हा ये रे माझ्या मागल्या. त्यापेक्षा एकच टेबल घ्या आणि तीन महिने रोज तसंच ठेवून दाखवा. मग दुसरं घ्या.

सुपरवायझरला सांभाळा

या सगळ्यात भरडला जातो तो सुपरवायझर. वरून उत्पादनाचा आकडा, खालून तक्रारी. जात्याच्या दोन पाळ्यांमधला दाणाच तो. चोवीस तासांत उत्तर देण्याचा नियम त्याच्यावर नुसता लादला, तर तो फळ्यावरचं लिखाण स्वतःच पुसेल. त्याला तीन गोष्टी द्या : यासाठी रोजचा राखीव वेळ, मालकांना न विचारता छोटा खर्च करण्याची मुभा, आणि मेंटेनन्स किंवा टूल रूमकडून मदत मागण्याचा अधिकार. नळीच्या दोन फुटांसाठी ज्या शॉपमध्ये तीन सह्या लागतात, तिथे फळा कितीही सुंदर असला तरी रिकामाच राहणार.

हे फक्त कारखान्यांपुरतं नाही. पतसंस्थेच्या काउंटरवर परत गेलेले अर्ज एक आठवडा मोजा आणि प्रत्येक अर्ज का परत गेला ते एका ओळीत लिहा. बहुतेक अर्ज दोन-तीनच कारणांनी परत जाताना दिसतील आणि ती कारणं अर्जाची रचना बदलून मिटण्यासारखी असतील. हे काउंटरवरच्या मुलीला केव्हाचं माहीत असतं. तिला कुणी विचारलेलं नसतं, एवढंच.

मामांची दुसरी सूचना

भोसरीच्या त्या शॉपमध्ये नळी त्याच दुपारी बदलली. मेमो मालकांनी सगळ्यांसमोर मागे घेतला, आणि मला विचाराल तर त्या दिवसातली मोठी सुधारणा तीच होती. आठवड्याभराने मामा स्वतः टूल रूममध्ये गेले. म्हणाले, हवा मारली तरी चिप कधी कधी पॅडवरच फिरते आणि पोरं गॉगल न लावता हवा मारतात, कुणाच्या डोळ्यात जाईल. त्यापेक्षा पॅडला मधोमध खाच मारा, चिप आपोआप खाली पडेल. खाच मारली. आता नळी क्वचितच लागते.

ही दुसरी सूचना कुणी मागितली नव्हती. त्यासाठी मोहीम नव्हती, घोषणा नव्हती, बक्षीसही जाहीर झालेलं नव्हतं. पहिलीला उत्तर मिळालं, म्हणून दुसरी आली.

तेव्हा उद्या पहिल्या शिफ्टला शॉपमध्ये जा. ज्याच्याशी तुम्ही सहसा बोलत नाही अशा एका माणसाला विचारा, “काम करताना तुम्हाला रोज काय नडतं?” तो जे सांगेल ते वहीत लिहून घ्या, आणि शिफ्ट सुटायच्या आत एक तर ते करून द्या, नाही तर का जमत नाही ते त्याच्यासमोर उभं राहून सांगा. फळा परवा लावला तरी चालेल.